बदकाचे बोल्ट कसनारी पाना आत्या

पाना आत्या बोल्ट कसताना डोळे मिटे. तोंड जरासं उघडं, मान एका अंगाले कलती, डावा आंगठा बदकाच्या पोटात अन् उजव्या हातात पाना. जत्रेत नवे आलेले लोक समजत का बाई देवाचं नाव घेऊन राह्यली. एका गावी तं एका म्हातारीनं येऊन बदकाच्या चोचीले कुंकू लावलं, हात जोडले अन् आत्याच्या पायाबी पडली. आत्यानं एक डोळा उघडला अन् म्हने, "माय, देव तिकडं देवळात हाय. अथी नट हाय."

तुमी जत्रेत बदकाचा पाळना पाह्यलाच असन. मंधात मोटर, मोटरीपासून लोखंडाचे हात निघते, हर हाताच्या टोकाले एक फायबरचं बदक, पिवळ्या रंगाचं, लाल चोचीचं. त्यात लेकरं बसते, बदक वर जाते, खाली येते, गोल फिरते, गानं वाजते. तो पाळना आमचा हाय. माह्या सासऱ्यानं जुना घेतला होता, ते गेल्यावर त्यायच्या बहिनीनं, म्हंजे माह्या मालकाच्या आत्यानं चालवला. तिचं नाव कोनालेच याद नोहोतं, सारे पाना आत्याच म्हनत. पावसाच्या दिवसात आमी मावला गावी भाड्याच्या खोलीत राहो, बदकं ताडपत्रीखाली राहत. बाकी सारा टाइम आज बोथच्या बाजूले, उद्या नदीकाठच्या गावात, मंग बेल्लमपल्लीच्या मैदानात, का तथी खानीतले लोक लेकरायले खांद्यावर बसवून येते. मी कापूस-जवारीच्या घरची. सातवीतून शाळा सुटली, लग्न झालं अन् एकदम या फिरत्या घरात येऊन पडली. घर म्हंजे टेम्पो, अंगन म्हंजे कोनाचं तरी मैदान. भेकड मी पयल्यापासूनच होती, अन् रेणू झाल्यावर तं काई इचारूच नोका.

आत्या एका जाग्यावर बसतच नोहोती. भाकर हातात घेऊन बदकायच्या भवती फिरे, खाता खाता एखाद्या बदकाले गुडघ्यानं ढकलून पाहे. सामान उतरलं का दुसऱ्या बायका चूल मांडत, ही पाने मांडे. मोठ्ठ्या चाकाचा मालक, जाड मिशीवाला, तिची रोज मजाक करे. "काय वं पाना बाई, बदकाची नाडी पाहून राह्यली काय? ताप हाय?"

आत्या मान वर न करता म्हने, "बदकाले नाही, तुह्या चाकाले हाय. सारी रात कन्हते थे. कान हायेत का मिशीखाली गेले?"

तो हासे. पन दुसऱ्या दिवशी त्याच्या चाकाले तेल लागलेलं दिसे.

मी नवी होती तवा मले वाटे, बोल्ट म्हंजे काय, जेवढा घट्ट तेवढा चांगला. आमच्या वावरात औताचे बोल्ट भाऊ पाय देऊन कसे, पान्यावर उभा राहून. तसंच मी एक डाव आत्याले म्हन्लं, "आत्याबाई, जरा जोरात कसा ना, तुमी तं गोंजारून राह्यल्या." आत्यानं मले जवळ बसवलं. एक जुन्या बदकाचा तुटका तुकडा होता तिच्या पेटीत, तो हातात देल्ला. म्हने, "कोर पाह्य याची." मी पाह्यलं तं थर थर दिसले, कापडावर कापड अन् मंधात डिंकासारखं.

"हे लोखंड नाही वं सूनबाई, हे गोधडी हाय," म्हने. "लोखंडाले हुकूम चालते. फायबरले इचारा लागते."

मंग तिनं मले समजावलं, अन् थे मी कई विसरली नाही, कारन गोधडी मले समजते. बोल्ट ढिला राह्यला तं बदक हर फेऱ्याले हलते, बोल्टाचे दात भोकाले घासते, गोल भोक लांबट होते, अन् मंग थे वाढतच जाते. नीट कसला तं नटाखालची मोठी चकती, थो वायसर, भोकाच्या भवतीचे सारे थर दाबून धरते, त्यायले उसवू देत नाही, अन् त्या दाबानंच जोडाले जोर येते. पन कसतच गेलं तं? तं थर चुरते. वरून काई दिसत नाही, अंदर चुरा. "टाका ढिला तं कापूस सरकते," म्हने, "अन् टाका ओढला तं कापड फाटते. आता सांग, चांगली गोधडी कोन शिवते? जोरवाली का हातवाली?"

तिची रीत अशी होती. डावा आंगठा वायसरवर ठेवाचा अन् त्याले फिरवून पाहत राहाचं, उजव्या हातानं नट कसाचा. वायसर आंगठ्याखाली फिरते, फिरते, जड होते, अन् थांबते. थांबला का मंग पाव फेरा अजून. बस. त्याच्यासाठीच डोळे मिटे. म्हने, डोळे उघडे असले का मानूस बोटाचं आयकत नाही. अन् पयल्या रातीचा पाळना फिरला का दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्ना साऱ्या बदकायची फेरी, कारन उन्हानं अन् वजनानं फायबर जरासं दबते अन् काल नीट असलेला बोल्ट आज ढिला भेटते. माहे मालक म्हनत, "आत्या, कालच तं कसले!" आत्या म्हने, "काल तू जेवला होता, आज काऊन ताट मांडलं?"

बेल्लमपल्लीले एक तेलुगू बाई लेकराले कडेवर घेऊन आली. बदकाले हात लावून आत्याले इचारे, "गट्टिगा उंदा अम्मा?" घट्ट हाय ना, असं. आत्या आपल्या मोडक्या तेलुगूत म्हने, "गट्टि कादु. सरिगा उंदि." घट्ट नाही, बरोबर हाय. थे बाई बिचारी अजूनच घाबरली अन् तिकीट न घेताच चालली. मालक कपाळाले हात लावून बसले. "अवं आत्या, घट्ट हाय म्हनाले काय जाते तुहं?"

"जे नाही थे काऊन म्हनू?"

आता ज्या गोष्टीनं माही झोप उडे थे सांगते. आमच्या घरची एक रीत होती, सासऱ्याच्या आंगची, आत्यानं पक्की धरलेली. नव्या जाग्यावर पाळना लावला का पयली फेरी घरच्या लेकराची. घरचं लेकरू बसल्याबिगर तिकीट फाडाचं नाही. माहे मालक लहान होते तवा ते बसत. ते मोठे झाले अन् घरात लेकरूच नोहोतं तवा आत्या स्वता बसे. गुडघे हनुवटीले लागलेले, पदर डोक्यावर, अन् गंभीर तोंड करून बदकात फिरे, सारी जत्रा हासून हासून लोळे. मंग माही रेणू झाली. बसता आली तशी पयल्या फेरीची मानकरी तीच झाली. एकटी. साऱ्या रिकाम्या बदकायच्या मंधात माही येवढीशी पोट्टी.

मी पदराचा बोळा तोंडात धरून उभी राहो. बदक वर गेलं का माहा जीव वर, खाली आलं का खाली. फेरी संपेपर्यंत मले गानंबी आयकू येत नोहोतं. मी आत्याशी भांडली. म्हन्लं, "लोकायचे लेकरं पैसे देऊन बसते, त्यायची मर्जी. माही पोट्टी काऊन?"

आत्या रेणूच्या केसायले तेल लावून राह्यली होती. हात थांबले नाही तिचे. "आपलं बसवाले भेव वाट्टे," म्हने, "तं लोकाचं कसं बसवाव?"

पन भेव काई गेलं नाही. गावोगावी, सामान उतरलं का चूल पेटत नोहोती का भाकर फुगत नोहोती, मी येरझाऱ्या मारो, रेणूले जवळ घेओ, सोडो, पुन्ना घेओ. आत्या म्हने, "अवं, पोट्टी हाय का फुगा? उडून चालली काय?"

अन् मंग बोथच्या बाजूच्या गावची जत्रा आली. त्याच्या आंधीच्या दिवसात कोनीतरी मोबाइलवर व्हिडिओचा एक तुकडा दाखवला होता, कुठचा कोन जाने, पाळना मोडून लोक पडून राह्यलेले. थे पाह्यलं अन् माहं चित्तच ठिकान्यावर राह्यलं नाही. मी मालकाच्या मांगंच लागली. उठता बसता एकच. "आत्याबाई गोंजारते निस्ती, तुमी पाहा ना. ज्या बदकात रेणू बसते तेवढं तरी नीट कसा. तुमी बाप हा का कोन?" ते पयले चिडले, मंग हासले, मंग मानले. रेणू त्यायचाबी जीव होती.

जत्रेच्या दिवशी सकाळी आत्या देवळाकडं पाया पडाले गेली. हे उठले, पान्याच्या मांगं लांब पाइप घातला, म्हंजे जोर दुप्पट लागते, अन् रेणूच्या बदकाचे सारे बोल्ट कसले. दात ओठ खाऊन कसले. कुईकुई आवाज आला तवा थांबले. घाम पुसून मले म्हनते, "घे. आता हत्तीले बसव." मले येवढं बरं वाटलं, मी त्या दिवशी पोटभर जेवली. खरं सांगते, किती दिवसानं.

दुपार कलली. मैदानात मानसं जमाले लागली, भोंगे सुरू झाले, कोनी भजे तळून राह्यलं, कोनी पिपान्या फुकून राह्यलं. आत्यानं पाना घेतला अन् एका कडंनं बदकं पाहत आली. डोळे मिटून, आंगठा, नट, उठली, दुसरं. मी रेणूले नवा झगा घालून उभीच होती. आत्या रेणूच्या बदकापाशी आली, बसाची फळी उचलली, अंदर वाकली. डोळे मिटले.

अन् उघडले.

तिनं पुन्ना आंगठा लावला. मंग नखानं वायसरच्या भवतीचा पिवळा रंग खरडला. रंगाखाली फायबर भुऱ्या रंगाचं असते. अथी भोकाच्या भवती पांढरं गोल आलं होतं, नखावर पांढरा डाग येते तसं, अन् त्या पांढऱ्यातून बारीक बारीक रेघा बाहेर निघाल्या होत्या, कोळ्याच्या जाळ्यावानी. तिनं पान्याच्या दांडीनं टकटक केलं. बाजूच्या बदकाचा आवाज टनटन आला. याचा आला थप.

"कोनं हात लावला?" म्हने.

हे मोटरीपासून पुढं आले. "मी कसले आत्या. घट्टच हाय ना, ढिले थोडीच हाय?"

आत्या म्हने, "गजा, गळ्यात हात घालनं येगळं अन् गळा दाबनं येगळं."

"अवं पन हिनं डोकं खाल्लं माहं! रातदिवस एकच, पोट्टीचं बदक कसा, पोट्टीचं बदक कसा!"

आत्यानं माह्याकडं पाह्यलं. मले वाटलं आता बोलन, साऱ्या लोकात माही इज्जत काढन. पन ती वाकून नट खोलाले लागली. बदक काढून जमिनीवर ठेवलं, उलटं केलं, अन् मले बोट लावून दाखवलं. खालच्या अंगानंबी पांढरं. साऱ्या बदकायत जे सगळ्यात जास्ती जिवानं कसलं होतं तेच बदक कच्चं झालं होतं. मी रेणूले येवढी घट्ट धरली का थे पोट्टी वरडली, "आई, दुखून राह्यलं!"

"समोरचंबी काढ," आत्या मालकाले म्हने. एका अंगाचं बदक काढलं का समोरच्या अंगाचंबी काढा लागते, नाही तं पाळना एकीकडं ओढते. ह्यायनं गुमान काढलं. तवापर्यंत गर्दी जमा झाली होती, लेकरं रडून राह्यली, बाप लोक शिट्ट्या मारून राह्यले, जत्रेच्या पंचायतचा मानूस येऊन बोंबलला, "अरे चालू करता का जागा खाली करता?" आत्या त्याले म्हने, "चालू करतो बापू. पोट्टी बसू दे."

मी म्हन्लं, "आज नाही बसवत."

"मंग आज पाळना नाही," आत्या म्हने. लगेच. जशी काई मी चहा नाही म्हन्लं अन् तिनं कप उचलला.

हे मंधात वरडले, "अवं सारी जत्रा आजचीच हाय! उद्या अथी कुत्रं येत नाही!" आत्यानं त्यायच्याकडं पाह्यलंबी नाही. तिनं माह्याकडून रेणूले घेतलं, खाली उभं केलं, अन् माह्या हातात पाना देल्ला. जड होता. गरम होता तिच्या हातानं. म्हने, "कोनत्या बदकात बसवतं? तूच सांग. अन् तूच पाह्य."

मी म्हन्लं, मले येत नाही. ती म्हने, येत नाही थे मले मालूम हाय. मी एका बदकापाशी गेली, कोनतंबी, जे जवळ होतं थे. आत्यानं त्याचा एक नट मुद्दाम ढिला केला अन् माहा आंगठा धरून वायसरवर ठेवला. वायसर फिरत होता, गार, गुळगुळीत. मी नट कसला. माह्या मांगं सारी जत्रा होती, भोंगा, शिट्ट्या, रेणू माही साडी ओढून राह्यली होती. मी डोळे मिटले, मिटावंच लागले. वायसर जड झाला. मले त्या जाळ्यावानी रेघा दिसल्या अन् मी भेवून लवकरच थांबली.

"झालं?" आत्यानं इचारलं.

"झालं."

"बसव मंग रेणूले."

मी पुन्ना आंगठा लावला. वायसर थांबला नोहोता. जरासा, नखाएवढा, सरकत होता. मी अजून कसला. थांबला. आंगठ्याखाली एकदम, जशी गाय दावनीले लागून उभी राहते तशी. मी पाव फेरा देल्ला, अन् माहा हात अजून पुढं जाऊन राह्यला होता, अजून, अजून, मायचा हात हाय तो, त्याले थांबताच येत नाही. आत्यानं माह्या मनगटावर दोन बोटं ठेवली. जोर नाही लावला. निस्ती ठेवली.

"बस," म्हने.

मंग त्या बदकाचे बाकीचे नट मीच पाह्यले, अन् माह्या मांगून ती पाहत गेली. रेणूले मीच उचलून बसवलं, साखळी लावली. पाळना फिरला. मी पदर तोंडात नाही धरला, कारन हातात पाना होता. भेव वाटलं? लय वाटलं. पन पयले मले सारंच भेसूर दिसे, लोखंड, मोटर, आभाळ, सारं. त्या दिवशी मले येवढंच दिसलं, चार नट.

त्या फुटक्या बदकाचं आत्यानं काय केलं? फेकलं नाही. त्याचं बूड कापून टाकलं अन् वरचा भाग तिकिटाच्या खिडकीपाशी उभा केला. लेकरं त्याच्यासंगं फोटो काढत. ह्यायले ती दोन दिवस चिडवत होती, "गजा, येवढा जोर हाय तं पाळना हातानंच फिरव ना, डिझल वाचन." हे लाजत अन् दुसरीकडं पाहत. पन माह्या वाट्याचा बोल तिनं कईच काढला नाही. फकस्त दुपारच्या फेरीले मले हाक मारे. "सूनबाई, चाल वं, पाव्हने पाहाले." बदकायले ती पाव्हने म्हने.

असं काई दिवस चाललं. सीझन गेला, पुन्ना आला. आत्याले साखरेची बिमारी होती, गोळ्या घे, नाही घे, चहा मात्र गोडच पाह्यजे. पायायले मुंग्या येते म्हने. मी तेल चोळून दो. पायाचंच काय थे हाय असं समजलो आमी.

बेल्लमपल्लीच्या मैदानात एका दुपारी ती एका बदकापाशी लय वेळ वाकून होती. मी दुसऱ्या बदकात होती. मले वाटलं उठाले जमत नाही. गेली तं ती डोळे मिटून तशीच, आंगठा वायसरवर, पाना थांबलेला. आंगठ्यातून रगत येऊन राह्यलं होतं. वायसरच्या कोरीनं कापलं होतं, खाली फायबरवर थेंब पडले होते, अन् तिले पत्ताच नोहोता.

मी म्हन्लं, "आत्याबाई, रगत!"

तिनं डोळे उघडले नाही. हळूच इचारलं, "सूनबाई, थांबला काय वं वायसर?"

मी तिच्या आंगठ्याच्या बाजूले आपला आंगठा लावला. वायसर मोकळा फिरत होता. पार ढिला. मी तिच्या हातातून पाना घेतला. ती समजली. आंगठा काढला, पदरानं पुसला, रगताकडं असं पाह्यलं जसं दुसऱ्या कोनाचं हाय. "बोटायले आयकू येत नाही आता," म्हने. बस, येवढंच. मंग मले म्हने, आजची सारी बदकं तू पुन्ना पाह्य, माह्या हातची एकबी सोडू नोको. मी पाहत गेली, ती माह्या मांगं मांगं आली, अन् हर बदकापाशी इचारे, "कशी होती?" मी सांगो, नीट होती, ढिली होती, ढिली होती. तिनं एकही डाव तोंड फिरवलं नाही.

ती तथीच राह्यली, बेल्लमपल्लीले. तिची लहान बहीन तथी राहते, बहिनीचं पोरगं खानीत कामाले हाय, क्वार्टर हाय त्यायले, नळाले पानी येते. आमी टेम्पो भरला तवा ती क्वार्टरच्या दारात उभी होती, हातात काई नाही. तिचे ते रिकामे हात मी पयल्यांदा पाह्यले. रेणू तिच्या गळ्याले पडून रडली. हे पाया पडले अन् लगेच टेम्पोत जाऊन बसले, तोंड तिकडं करून. मी म्हन्लं, "आत्याबाई, मले भेव वाट्टे." ती म्हने, "वाटू दे. भेव काई वाईट नाही. फकस्त थे खांद्यात येऊ देऊ नोको, बोटातच ठेव."

या सालची पयली जत्रा मावल्यापासून जवळच होती. आता रेणूचे पाय लांब झाले, बदकात मावत नाही. तिच्या मांगं मले पोरगा झाला, आता बसता येते त्याले. म्हंजे पयली फेरी त्याची. मी दोन दिवसापासून पुन्ना तशीच, चूल पेटेना, भाकर फुगेना. मी आत्याले फोन केला, "तुमी या ना, एकच डाव पाहून जा." ती म्हने, "मी आली तं तू माह्यावर टेकशीन." अन् बहिनीनं हाक मारली म्हनून फोन ठेवला. आली नाही.

दुपारी मी पाना घेतला. एका कडंनं पाहत गेली. सारी नीट होती, अन् मंग एका बदकाचा एक वायसर, थांबला पन कसा तरीच थांबला, मऊ. मी रंग खरडला. पांढरं नोहोतं. टकटक केलं, आवाज ना टन ना थप. मी पुन्ना आंगठा लावला, पुन्ना डोळे मिटले. कळेना. गर्दी जमून राह्यली होती, पोरगं रेणूच्या कडेवर बदकाकडं हात करून राह्यलं होतं.

मी ह्यायले म्हन्लं, "हे काढा. समोरचंबी."

ते आले, वाकून पाह्यलं. "अवं काय झालं याले? काईच तं दिसत नाही."

"मले कळून नाही राह्यलं."

"कळून नाही राह्यलं म्हनून काढू? आत्या असती तं तिनं सांगतलं असतं, चालवला असता!"

"आत्याले कळे," मी म्हन्लं. "मले नाही कळत. म्हनून काढा."

त्यायनं पाना मागतला अन् दोन्ही बदकं काढली. पोरग्याले मी दुसऱ्या बदकात बसवलं. साखळी मले लागेना, रेणूनं लावली. पाळना फिरला. पोरगं पयले रडलं, मंग वर गेल्यावर गप झालं, अन् खाली येताना हासलं. मी सारी फेरी बदकाच्या बुडाकडंच पाहत होती, त्याचं रडनं-हासनं रेणूनंच मले सांगतलं.

तिकिटं फाडनं सुरू झालं तवा आत्याचा फोन आला. भोंग्यात काई आयकू येत नोहोतं, मी जनरेटरच्या मांगं गेली, एका कानात बोट घालून.

"फिरते काय?" तिनं इचारलं.

"फिरते."

"सारी?"

"नाही," मी म्हन्लं. "दोन कमी."

तिकडं मांगं बहिनीच्या घरात भांडे वाजत होते.

मंग म्हने, "जेवली काय वं तू?"